फोम बदलला, हात बदलायला वेळ लागला

‘पीयू घेऊ की इपॉक्सी?’ सर्फबोर्ड घेणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि प्रश्नातच घोळ आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हे आतल्या फोमचं नाव. इपॉक्सी हे वरच्या रेझिनचं, म्हणजे कापडात मुरवून कडक होऊ देतात त्या द्रवाचं. एकाचा गाभा आणि दुसऱ्याची साल, अशी ही तुलना. पीयू फोमवर इपॉक्सी चढवलेले बोर्डही बनतात आणि उत्तम चालतात, त्यांना कुठल्या रांगेत बसवायचं? हाताने घासून एका पदराचं कापड चढवलेला ईपीएस (फुगवलेल्या पॉलिस्टायरिन मण्यांचा फोम) बोर्ड आणि साच्यातून निघालेला, हलक्या गाभ्यावर घट्ट पीव्हीसी फोमची साल असलेला सँडविच बोर्ड, दोघांवरही ‘इपॉक्सी’ हेच लेबल असतं. पाण्यात मात्र दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

नव्या साहित्याविषयीचे बरेचसे वाद याच घोळातून वाढले, असं माझं ठाम मत आहे. गाभा, कापड, रेझिन, आकार आणि कामाची पद्धत या सगळ्यांचं एकमेकांशी जमलं तर बोर्ड होतो. यातलं एक बदललं की बाकीच्यांनाही थोडं थोडं सरकावं लागतं. जिथे ते सरकले नाहीत तिथे बोर्ड बिघडला, आणि ठपका नव्या साहित्यावर आला.

लाकडाचा काळ मी भरभर ओलांडतो. हवाईतल्या जुन्या फळ्या कोआ, विलीविली अशा लाकडांच्या. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकला १९३२ मध्ये पोकळ बोर्डाचं पेटंट मिळालं आणि फळीचं वजन पहिल्यांदा माणसाच्या आवाक्यात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन मिळू लागलं, तेव्हा बाल्सा लाकडावर ते चढवायला सुरुवात झाली. या काळातला बॉब सिमन्स मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५० च्या आसपास त्याने कॅलिफोर्नियात पॉलिस्टायरिन फोमचा गाभा, वर पातळ प्लायवूड आणि कडांना बाल्सा असे बोर्ड बांधले. पॉलिएस्टर रेझिन पॉलिस्टायरिनला विरघळवतं, म्हणून फोम लाकडात बंद करून मग त्यावर काच-कापड चढवायचं, हा त्याचा तोडगा होता. ज्याला आज ‘आधुनिक सँडविच’ म्हणतात त्याची मांडणी जवळजवळ हीच. ती तेव्हाच रुजली नाही याचं साधं कारण म्हणजे त्या पद्धतीत काम फार होतं, आणि काही वर्षांतच कमी कामाचा पर्याय आला.

तो पर्याय म्हणजे पॉलियुरेथेन फोम. हॉबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी १९५८ च्या सुमारास तो बोर्डासाठी वापरण्याजोगा केला. पॉलिएस्टर त्याला खात नाही, रंधा त्यावर लोण्यासारखा चालतो आणि बाल्सासारखी ठोकळे निवडून जोडण्याची कटकट नाही. आज ज्याला ‘अस्सल, पारंपरिक’ म्हणतात तो फोमसुद्धा सुरुवातीला संशयाच्या नजरेनेच पाहिला गेला. पहिल्या ब्लँक्समध्ये, म्हणजे आकार देण्याआधीच्या फोमच्या ठोकळ्यांमध्ये, हवेच्या पोकळ्या आणि मऊ डाग असायचे. ते भरून वर अपारदर्शक रंग मारला जायचा. तो रंग पुढे फॅशन झाला, पण त्याच्या मुळाशी डाग झाकण्याची गरज होती.

क्लार्कने १९६१ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पुढची चाळीसेक वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक शेपरांच्या, म्हणजे बोर्डाला आकार देणाऱ्या कारागिरांच्या, रॅकवर क्लार्क फोमचेच ब्लँक्स होते. त्या फोमची एक खूबी समजून घ्यायला हवी. साच्यात फुगवलेल्या पीयू ब्लँकची घनता सगळीकडे सारखी नसते. बाहेरचा थर घट्ट आणि आत जावं तसा फोम मऊ होत जातो. म्हणून ब्लँक हव्या त्या आकाराच्या जितका जवळचा निवडाल, तितका कमी रंधा मारावा लागतो आणि तितकी घट्ट साल शिल्लक राहते. डेकवरून, म्हणजे वरच्या बाजूने, दीड सेंटिमीटर उतरवला, की पायाखाली नेमका मऊ फोम येतो आणि महिन्याभरात टाचेचे खड्डे पडतात. जाणकार शेपर जाडी शक्यतो बॉटमकडून, म्हणजे खालच्या बाजूने, काढतात आणि डेकला जेमतेम हात लावतात, त्याचं कारण हे. या एका सवयीवर दोन पिढ्यांचे हात तयार झाले.

पॉलिएस्टरनेही हाताला अशीच सवय लावली. त्यात एमईकेपी हा कॅटॅलिस्ट (रेझिन कडक होण्याला चालना देणारं रसायन) साधारण १ ते २ टक्के घालतात. ५०० ग्रॅम रेझिनला ५ ते १० मिलिलिटर. हवा थंड असेल तर थोडा जास्त, उकाडा असेल तर कमी, घाई असेल तर पुन्हा जास्त. कामगार अंदाजाने ओततो आणि पंधरा मिनिटांत रेझिन जेलीसारखं घट्ट व्हायला लागतं. त्याच दिवशी पलटून दुसरी बाजू, मग हॉट कोट, म्हणजे कापडाची वीण भरणारा रेझिनचा थर, दुसऱ्या दिवशी घासणं. कारखान्याचं सगळं गणित या वेगावर बसलेलं होतं. इपॉक्सीला प्रत्येक थरामागे रात्रभर थांबावं लागतं. तेव्हा ‘जुनी माणसं हट्टी होती’ असं म्हणणं मला पटत नाही. रॅक तेवढेच, खोली तेवढीच आणि दिवसाला निघणारे बोर्ड निम्मे, हे चित्र समोर असताना कुणीही थबकेल.

मग ५ डिसेंबर २००५ उजाडला. क्लार्क फोमने अचानक कारखाना बंद केला. ब्लँक बनवताना लागणारं टोल्युइन डायआयसोसायनेट हे विषारी रसायन, पर्यावरण आणि अग्निसुरक्षेचे नियम, कायदेशीर जबाबदारीची भीती, अशी कारणं क्लार्कने ग्राहकांना पाठवलेल्या पत्रात लिहिली होती. त्या दिवसाला सर्फिंगच्या जगात ‘ब्लँक मंडे’ म्हणतात. ब्लँक्सच्या किमती उडाल्या, लोकांनी साठे केले, ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांतून माल मागवला गेला. ज्यांनी ईपीएसला कधी हात लावला नव्हता त्यांनी नाइलाजाने पॅकिंगचा ठोकळा आणि इपॉक्सीचे डबे आणले. आणि इथेच नव्या साहित्याची सर्वांत जास्त बदनामी झाली, कारण फोम नवा आला तरी हात जुनेच होते.

नेमकं काय चुकत होतं, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी घनता. पीयू ब्लँक साधारण ४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास असतो. बोर्डासाठीचा ईपीएस १६ ते ३२ किलोच्या टप्प्यात मिळतो. ३० लिटरच्या बोर्डाचा गाभा पीयूचा असेल तर अंदाजे १.२ किलो, ३२ च्या ईपीएसचा ९६० ग्रॅम आणि १६ च्या ईपीएसचा ४८० ग्रॅम. म्हणजे सर्वांत हलका फोम घेतला तरी वाचतात सातशे-सव्वासातशे ग्रॅम. तेवढ्याने तरंगणं वाढतं फक्त पाऊण लिटरच्या आत. त्यामुळे ‘ईपीएस बोर्ड बुचासारखा वर येतो’ ही तक्रार केवळ तरंगण्याची नाही. हलका आणि कडक बोर्ड पाण्याचे बारीक धक्के गिळत नाही, ते थेट पायापर्यंत पोचवतो. वारा सुटलेला असताना, पाण्यावर खडबडीत लाटा असताना हे फार जाणवतं. पीयू आणि पॉलिएस्टरचा बोर्ड जड आणि थोडा मंद असतो, त्यामुळे तीच कंपनं त्यात विरून जातात. अनुभवी सर्फर ‘जिवंत’, ‘निर्जीव’ असे शब्द वापरतात तेव्हा ते बहुधा याबद्दलच बोलत असतात. त्यात कल्पनेचा भाग थोडा आणि वस्तुस्थितीचा बराच.

शेपरांनी काय केलं? पीयूमध्ये जमलेला आकार जसाच्या तसा ईपीएसमध्ये उतरवला. तीच जाडी, तीच रेल (बोर्डाची कड), तोच रॉकर (पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचा बाक). खरं तर घनफळ अर्धा-पाऊण लिटर कमी करायला हवं होतं, रेल थोडी पातळ हवी होती म्हणजे ती पाण्यात बुडली असती, आणि कापड व स्ट्रिंगर (बोर्डाच्या मधोमध लांबीत बसवलेली लाकडी पट्टी) यांचा विचार नव्याने करायला हवा होता. ते न झाल्यामुळे बोर्ड वळणावर घसरायचा आणि सर्फर म्हणायचा, इपॉक्सी वाईट.

दुसरी चूक घासण्यात. ईपीएस म्हणजे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवलेला ठोकळा. बोथट पात्याचा रंधा त्यावर चालवला तर मणी कापले जात नाहीत, उपटले जातात, आणि पृष्ठभाग चाळणीसारखा होतो. आकार आधी गरम तारेने कापायचा, रंध्याचं पातं धारदार ठेवायचं, एका फेरीत मिलिमीटरभरच उतरवायचं आणि शेवट लांब फळीवर लावलेल्या सँडपेपरने हलक्या हाताने करायचा. पीयूला जो दाब चालतो तो इथे चालत नाही. आणखी एक फरक: ईपीएसच्या ठोकळ्यात घट्ट सालीचा प्रकार नाही. डेकमधून कितीही काढलं तरी खालचा फोम तेवढाच चांगला किंवा तेवढाच मऊ. म्हणजे ‘डेकला हात लावू नका’ हा जुना नियम इथे गैरलागू. त्याऐवजी पायाखालची ताकद कापडातूनच आणावी लागते.

घासून झाल्यावर मण्यांमधल्या फटी बुजवाव्या लागतात. हलकी, पाण्यात मिसळणारी पुट्टी पातळ करून रबरी पट्टीने ओढायची, पूर्ण वाळू द्यायची आणि बारीक कागदाने पुसल्यासारखी घासायची. ही पायरी गाळली तर रेझिन फटींत जिरतं. बोर्डाचं वजन दोन-अडीचशे ग्रॅमने सहज वाढतं आणि हलका फोम वापरल्याचा फायदा तिथेच संपतो. उलट पुट्टीचा जाड थर ठेवला तर कापड फोमला चिकटण्याऐवजी पुट्टीला चिकटतं, आणि पुढे पायाखाली साल सुटते. फटीत पुट्टी हवी, मण्याच्या डोक्यावर नको.

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. ती म्हणजे मिश्रणाची. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीचा हार्डनर हा कॅटॅलिस्ट नाही, तो साखळीतला निम्मा दुवा आहे. त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. जुन्या सवयीने ‘आज गारठा आहे, थोडं जास्त घाल’ केलं की जास्तीचा हार्डनर बिनजोडीचा राहतो आणि बोर्ड आठवडाभरानेही चिकट लागतो. बऱ्याच बोर्ड-इपॉक्सींचं प्रमाण मापाने २:१ असतं. पण हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे वजनाने तेच प्रमाण १००:५० न राहता १००:४४ च्या आसपास येतं. नेमका आकडा त्या रेझिनच्या तांत्रिक पत्रकात दिलेला असतो. काट्यावर मोजायचं तर वजनाचंच प्रमाण घ्यायचं. ही एक गल्लत अनेक बोर्डांच्या मुळावर आली आहे. ढवळायचं दोन मिनिटं, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत. मिश्रण कपात राहू दिलं तर स्वतःच्याच उष्णतेने भडकतं, म्हणून लगेच बोर्डावर ओतून पसरायचं. वेग हवा असेल तर खोली गरम करायची, २२ ते २७ अंश सेल्सिअसच्या मध्ये, किंवा जलद हार्डनर विकत आणायचा.

खोलीच्या तापमानाचा अजून एक पैलू आहे, आणि तो कळायला लोकांना बरीच वर्षं लागली. ईपीएसच्या मण्यांमध्ये हवा आहे. सकाळी थंड खोलीत रेझिन लावलं आणि दुपारी खोली तापत गेली, तर आतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या कापडातून बारीक बुडबुडे बाहेर ढकलते. प्रत्येक बुडबुड्याचं सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि पुढे तिथूनच पाणी आत शिरतं. उपाय सोपा आहे. खोली आधी तापवून घ्या, बोर्डही तापू द्या, मग तापमान उतरत असताना लॅमिनेशन करा, म्हणजे कापड आणि रेझिन चढवा. उतरत्या तापमानात फोम हवा आत ओढतो आणि रेझिनही फटींत थोडं आत खेचलं जातं.

एक क्षण जवळून पाहू. बॉटमवर १३६ ग्रॅमचं, म्हणजे चार औंसाचं कापड पसरलंय, रेझिन ओतलंय, स्क्वीजीने, म्हणजे रेझिन ओढायच्या रबरी पट्टीने, मधून कडेकडे नेलंय. आता कापडाची मोकळी झालर रेलवरून खाली लटकतेय. पॉलिएस्टर काम करणारा हात इथे झपकन एक लांब ओढ घेतो, कारण त्याच्याकडे दहा मिनिटंच असतात. इपॉक्सी पातळ आणि संथ असते. जोरात ओढलं तर रेझिन कापडातून निघून जमिनीवर जातं आणि रेलवर कापड पांढुरकं, कोरडं राहतं. हवी ती पद्धत अशी: झालर आधी रेझिनने पूर्ण भिजवायची, दोन मिनिटं थांबायचं, काच पारदर्शक झाली की स्क्वीजी जवळजवळ आडवी धरून, अगदी कमी दाबाने झालर रेलखाली वळवायची. विणीचा पोत बोटाला लागला पाहिजे, पण कापड कोरडं दिसता कामा नये. मग पंधरा-वीस मिनिटांनी परत फेरी मारून उचलली गेलेली टोकं बसवायची. संथ रेझिन असल्याचा फायदा इथे आहे, आणि घाई करणाऱ्याला तो कधी मिळत नाही.

कडक झालेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट, किंचित तेलकट पापुद्रा येतो. हार्डनरमधली अमाइन्स हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून तो तयार होतो. तो तसाच ठेवून पुढचा थर दिला तर थर सोलून निघतो. साध्या कोमट पाण्याने, खरखरीत घासणीने धुऊन, पुसून, वाळवून मगच सँडपेपर लावायचा. आधी सँडपेपर लावला तर पापुद्रा ओरखड्यांत भरला जातो.

या सगळ्याशी तुलना करायला एक उलटं उदाहरण घ्या. उन्हात कडक होणारं पॉलिएस्टर रेझिन. त्यात अतिनील किरणांनी जागा होणारा घटक असतो. सावलीत हवा तितका वेळ काम करा, मग बोर्ड उन्हात न्या, काही मिनिटांत कडक. हेही नवंच रसायन होतं, पण त्याच्याविरुद्ध फारसं कुणी बोललं नाही. कारण हाताला काहीच बदलावं लागलं नाही, उलट दहा मिनिटांची तलवार डोक्यावरून गेली. एकच पथ्य: गडद रंग किरणं अडवतो, म्हणून रंगीत थरात एमईकेपीही घालावा लागतो, नाहीतर खालचा थर ओलाच राहतो.

साच्यातल्या बोर्डांची गोष्ट वेगळी आणि जास्त भावनिक आहे. सर्फटेक कंपनीने थायलंडच्या कोब्रा कारखान्यात बनवलेले इपॉक्सी सँडविच बोर्ड बाजारात आणले तेव्हा त्यांना ‘पॉप-आउट’ म्हटलं गेलं. हा शब्द १९६० च्या दशकातल्या साच्यातून काढलेल्या स्वस्त, जड बोर्डांसाठीचा. बांधणीच्या दृष्टीने तो अन्याय होता. हलका ईपीएस गाभा, त्यावर घट्ट फोमची पातळ साल, दोन्ही बाजूंनी कापड, असा हा बोर्ड साध्या बोर्डापेक्षा कितीतरी टिकाऊ. विंडसर्फिंगवाल्यांनी ही पद्धत १९८० च्या दशकातच उचलली होती, कारण त्यांच्या बोर्डावर उड्यांचा मार जास्त. मात्र शेपरांची एक तक्रार मला आजही रास्त वाटते. साचा एकदा बनला की आकार गोठतो. टेलचा, म्हणजे मागच्या टोकाचा, रॉकर तीन मिलिमीटरने चुकलाय असं पाण्यात कळलं, तर हाताने घासणारा पुढच्याच बोर्डात दुरुस्त करतो. साचेवाल्याला नवा साचा करावा लागतो, म्हणून तो चुकीचा आकारच विकत राहण्याचा धोका असतो.

फायरवायर कंपनीने २००० च्या दशकाच्या मध्यावर निराळी वाट काढली. मधला स्ट्रिंगर काढून टाकायचा आणि बाल्साच्या पट्ट्या दोन्ही कडांना, बोर्डाच्या बाह्यरेषेबरोबर वळवून लावायच्या. यामागे ऑस्ट्रेलियातल्या बर्ट बर्गर या शेपरचं काम आहे. मधला स्ट्रिंगर बोर्डाला लांबीत कडक करतो, पण रेलला मदत करत नाही. कडेची पट्टी वाकते आणि वळणातून बाहेर पडताना परत सरळ होते. माझ्या मते मतपरिवर्तन खरं इथून झालं. जुन्या बोर्डाची नक्कल सोडून, नव्या साहित्याला जमेल असा लवचीकपणा मुद्दाम आखला गेला. पुढे जगज्जेता सर्फर केली स्लेटरने या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, आणि त्यानंतर ‘स्पर्धेतले सर्फर फक्त पीयूच वापरतात’ हे वाक्य पूर्वीच्या ठामपणे कुणी म्हणेनासं झालं. अजूनही बऱ्याच जणांची पसंती पीयू आहे, आणि मोठ्या, वाऱ्याच्या लाटांत ती योग्यही आहे.

घरी किंवा लहान वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम बॅगने, म्हणजे हवा काढून घेतलेल्या पिशवीच्या दाबाने साल चिकटवून, सँडविच करणाऱ्यांसाठी एक आकडा डोक्यात पक्का असू द्या. १६ किलोचा ईपीएस सुमारे ७० किलोपास्कल दाबाला दहा टक्के दबतो. पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे जवळपास १०० किलोपास्कल. म्हणजे पंप पूर्ण चालवला तर बोर्ड पिशवीतच चिरडतो. शिवाय दाब सहा-आठ तास राहतो आणि रेझिन गरम असतं, त्यामुळे कमी दाबालाही फोम हळूहळू बसत जातो. २५ ते ३५ किलोपास्कल, म्हणजे मीटरवर आठ ते दहा इंच पाऱ्याच्या आसपास थांबायचं.

क्रम असा ठेवा. गाभ्याला स्ट्रिंगर नसल्यामुळे पिशवी घट्ट होताच रॉकर बदलतो. म्हणून आधी रॉकरच्या आकाराचा पाट तयार करायचा. त्यावर बॉटमची साल, म्हणजे ३ मिलिमीटरचा बाल्सा किंवा ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम, आतून हलकं कापड आणि रेझिन देऊन चिकटवायची. ती कडक झाली की रॉकर कायमचा ठरतो. मग कडा कापून रेलच्या पट्ट्या एकेक करून लावायच्या, डेकचा आकार घासायचा, डेकची साल पिशवीत बसवायची आणि शेवटी बाहेरचं कापड. सालीला काही ठिकाणी बारीक भोकं पाडली नाहीत तर खाली हवा अडकते. टकटक करून ऐका, अडकलेल्या जागी आवाज पोकळ येतो. तेवढ्या जागी इंजेक्शनच्या सुईने रेझिन भरता येतं, पण हाताच्या पंजाएवढी जागा सुटली असेल तर साल कापून परत लावणंच बरं.

मशीनबद्दल थोडक्यात. संगणकातल्या फाइलवरून आकार कापणाऱ्या सीएनसी मशीनला एके काळी फसवणूक समजलं जायचं. आज कारखान्यांतले बहुतेक ब्लँक मशीनवर कापून हाताने पूर्ण होतात, आणि त्यात काही गैर नाही. फाइल लहानमोठी करताना मात्र सांभाळा. लांबी सहा फुटांवरून साडेसहा केली आणि सॉफ्टवेअरने सगळंच त्या प्रमाणात ताणलं, तर जाडी आणि रॉकरही वाढतात. लांबी, रुंदी, जाडी, रॉकर वेगवेगळे बसवायचे, आणि शेवटचं घनफळ तपासायचं.

कार्बनबद्दल माझं मत जरा कडक आहे. रेलवर किंवा बॉटमवर विचारपूर्वक लावलेली कार्बनची पट्टी बोर्ड परत सरळ होण्याचा वेग बदलते, हे खरं. पण डेकवर टाचेखाली शोभेसाठी लावलेला काळा तुकडा खड्डे थांबवत नाही. खड्डा पडतो तो खालचा फोम दबल्यामुळे. त्यावर उपाय म्हणजे जास्त घनतेचा फोम किंवा कापडाचा एक जादा पदर. शिवाय काळा रंग उन्हात तापतो. ८० अंशांच्या आसपास ईपीएस आकसायला लागतो, आणि बंद गाडीत, काचेखाली ठेवलेल्या काळ्या बोर्डाचं तापमान भलतंच चढतं. तेवढं नाही तापलं तरी, २० वरून ६० अंशांवर गेलेली आतली हवा जवळपास १४ टक्क्यांनी फुगू पाहते आणि कापड फोमपासून उचलते. म्हणून ईपीएस बोर्डात व्हेंट, म्हणजे हवा सोडायचं छोटं तोंड, असतो. स्क्रूवाला असेल तर गाडीत आणि विमानात उघडा ठेवायचा, पाण्यात उतरण्याआधी बंद करायचा. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असलेला व्हेंट आपलं काम आपण करतो, त्यावर फक्त मेण चढू द्यायचं नाही.

पर्यावरणाच्या नावाने आलेल्या साहित्याकडे आता संशयापेक्षा उत्सुकतेने पाहिलं जातं. वनस्पतिजन्य अंश असलेली इपॉक्सी हाताळायला नेहमीच्या इपॉक्सीसारखीच. पुनर्वापराचा ईपीएसही चालतो, फक्त मण्यांची जुळणी तपासून घ्यायची. जवसाच्या तंतूंचं कापड मात्र नवशिक्याला फसवतं. ते काचेपेक्षा जास्त रेझिन पितं, आणि दमट असेल तर चिकटत नाही. आधी कोमट हवेत वाळवून, व्हॅक्यूमखाली लावलं तरच वजन आटोक्यात राहतं. आणि बोर्ड दोन वर्षांऐवजी पाच वर्षं टिकला, तर ती बचत कुठल्याही लेबलपेक्षा मोठी, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट काळजीने लिहितो. पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनचा वास नाकात बसतो, म्हणून माणूस मास्क लावतो. इपॉक्सीला वास जवळजवळ नाही, म्हणून लोक उघड्या हातांनी काम करतात. इपॉक्सी आणि हार्डनर त्वचेला लागत राहिले की एके दिवशी ॲलर्जी उठते, आणि ती उतरत नाही. मग थेंबभर रेझिनही सोसत नाही आणि ते काम कायमचं सुटतं. नायट्रिलचे हातमोजे, बाही झाकलेली, आणि अंगाला लागलं तर थिनरने पुसायचं नाही, साबणाने धुवायचं. थिनर ते आत मुरवतो. घासताना धुळीचा मास्क लागतोच, कारण अर्धवट कडक झालेल्या इपॉक्सीची धूळही तेवढीच त्रासदायक.

आता दुरुस्ती. जुन्या सवयीचा फटका सर्वांत जास्त इथेच बसतो. डिंग, म्हणजे खोक, पडलेला अनोळखी बोर्ड हातात आला तर आधी गाभा ओळखा. तुटलेल्या जागी मणी सुटे होत असतील तर ईपीएस. पिठासारखी, पिवळसर भुकटी निघत असेल तर पीयू. ईपीएसवर पॉलिएस्टर लागलं की फोम वितळून आत पोकळी होते, वरून मात्र दुरुस्ती छान दिसते. फिन बॉक्स (खालची फिन अडकवायची पेटी) आणि लीश प्लग (पायाला बांधायची दोरी अडकवायची जागा) बसवतानाही हाच नियम: खोबणीच्या सगळ्या भिंतींना आधी इपॉक्सी, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर, घासून घेतल्यावर, चांगली चिकटते. पॉलिएस्टर कडक झालेल्या इपॉक्सीवर भरवशाने चिकटत नाही. शंका असेल तेव्हा इपॉक्सीच वापरा.

आणि पाणी शिरलेला ईपीएस बोर्ड घाईने बंद करू नका. फोम पाणी फारसा पीत नाही, पण मण्यांमधल्या फटींतून ते दूरवर पसरतं. डिंग खाली येईल असा बोर्ड सावलीत उभा करा, वजन करून तारखेसह लिहून ठेवा, आणि रोज काट्यावर ठेवा. सलग तीन दिवस आकडा तोच आला, की मग रेझिन कालवा.